कांद्याच्या मुळातली रात्रपाळी

सेकंड शिफ्ट संपवून तुम्ही महाळुंग्यातल्या खोलीवर येता. चाकण-तळेगाव रस्त्यानं एखादा कंटेनर गेला की खिडकीची काच थरथरते आणि खिडकीत ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हलतं. ग्लासाच्या तोंडावर कांदा बसवलाय. बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. चार दिवसांपूर्वी लेकीनं त्याची वाळकी मुळं ब्लेडनं खरवडून काढली होती. आज तिथं पांढरीशुभ्र, सुतासारखी नवी मुळं लोंबतायत. सकाळी त्यांची टोकं कापून ती कॉलेजात नेणार आहे. पेशी विभाजनाचं प्रॅक्टिकल.

कांदा चाकणच्या मार्केट यार्डातला, गरवा. या पट्ट्यात कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून इथला बाजार कांद्याचा.

झोपायला जाता जाता लेकीनं विचारलं होतं, "पेशीची दोन होताना तिचं जनुकं वाचणं बंद पडतं म्हणे. मग नंतर तिला आठवतं कसं, की आपण मुळाची पेशी आहोत, पातीची नाही?" तुम्ही म्हणालात, "सकाळी बोलू." आता झोप लागत नाही. प्रश्न साधा नाही, हे तुम्हाला कळलंय. रोज शिफ्ट बदलताना मशीन दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या माणसाला तो जरा जास्तच कळतो.

सकाळ व्हायला सहा तास आहेत. तेवढ्यात ऐंशी वर्षं मागं जायचंय, आणि या मुळात दोन मिलिमीटर आत.

खिडकीबाहेर बघा. शेडवरचे पिवळे दिवे एकेक करून विझतात. गोदामं नाहीशी होतात, लेबर कॅम्प जातात, रस्ता अरुंद होतो. १९९९च्या मागं सरकलात की बजाजचा कारखानाही नाही. उरतं ते माळरान, बाजरी, विहिरीवरची मोट, आणि लांब चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग. पुणे-नाशिक रस्त्यानं दक्षिणेकडं चला. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या दगडी इमारतीपाशी थांबा. साल १९४३.

सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या बाई कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. वडील, दिनकर समर्थ, फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवणारे. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं आणि लग्न गणिती रणदिव्यांशी केलं. एम.एस्सी.साठी तिचा विषय आहे सीताफळ-रामफळाच्या कुळाची गुणसूत्रं.

तिच्या खांद्यावरून भिंगात डोकवा. रंगवलेल्या, चेपलेल्या पेशींची गर्दी. मधेच एखादीत गुणसूत्रं जाड, गडद, मोजता येतील अशी. डोळा तिथंच खिळतो. बाकीच्या दहातल्या नऊ पेशींत नुसता गोल, धुरकट केंद्रक. त्या अवस्थेला त्या काळची पुस्तकं म्हणतात ‘विश्रांती अवस्था’. काही घडत नाही, म्हणून विश्रांती.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं की हे उलटं आहे. त्या धुरकट केंद्रकात अहोरात्र काम चालू आहे, आणि ज्या गडद गुणसूत्रांकडं सगळे बघतायत तिथंच वाचन थांबलंय. पण मागच्या काळात गेलेल्या माणसाला आवाज नसतो. आनुवंशिकतेचा मजकूर डीएनएमध्ये असतो, हेसुद्धा या इमारतीत अजून कुणाला ठाऊक नाही. अ‍ॅव्हरी आणि सहकाऱ्यांचा तो निबंध पुढच्या वर्षी, १९४४ साली, न्यूयॉर्कहून यायचाय.

तिथून दहा वर्षं पुढं या. १९५३, लंडनचं हॅमरस्मिथ रुग्णालय. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांच्यासमोरही मुळंच आहेत, फक्त कांद्याची नाहीत, बाकल्याच्या शेंगेच्या रोपांची. त्यांनी मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस पाजलाय. चेपलेल्या पेशींवर फोटोची फिल्म दाबून अंधारात ठेवली आहे. फॉस्फरस जिथं डीएनएत बसला तिथं फिल्मवर काळे ठिपके उठतात. ठिपके विभागणाऱ्या पेशींत उठायला हवे होते, नाही का? ते उठले गोल केंद्रकांत. डीएनएची दुसरी प्रत विभाजनाच्या कित्येक तास आधीच तयार होते, त्या प्रतीच्या आधी एक मोकळा काळ असतो आणि नंतरही एक असतो. त्या मोकळ्या काळांना त्यांनी जी-१ आणि जी-२ म्हटलं, प्रत काढण्याच्या काळाला एस. ‘विश्रांती’ हा शब्द त्या दिवशी खोटा ठरला. पाठ्यपुस्तकांतून तो जायला मात्र पुष्कळ वर्षं लागली.

आता परळ. साठीचं दशक. कमलबाईंनी मधल्या काळात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली, १९४९ साली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत राहून पेशी काचेत कशा वाढवायच्या ते शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या, तिला न विचारता घेतलेल्या पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या याच गाय यांच्याकडं. आज त्या हेला या नावानं जगभर आहेत. परत येऊन कमलबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. खानोलकर आणि कमलबाई या दोघांनी जे उभं केलं ते नसतं, तर मराठी मुलांना पेशी हा विषय अजून नुसता पुस्तकातलाच राहिला असता, असं मला वाटतं.

बाटली उजेडाकडं धरा. आत काचेला चिकटून पसरलेल्या पेशी आहेत, तव्यावर टाकलेल्या धिरड्यासारख्या चपट्या. त्यातली एखादी विभागायला लागली की गोल होते, काच सोडते, मोत्यासारखी चमकते. बाटली हलकेच हलवली तर त्याच तेवढ्या सुटून येतात. अशा पेशींना अमेरिकेत डेव्हिड प्रेस्कॉट आणि बेंडर यांनी १९६२ मध्ये किरणोत्सारी कच्चा माल दिला होता, डीएनएचा नाही, आरएनएचा. पसरलेल्या पेशींच्या केंद्रकावर ठिपक्यांची रांगोळी उठली. गोल झालेल्या, विभागणाऱ्या पेशी कोऱ्या राहिल्या. लेकीनं जे ऐकलं ते इथून आलंय: विभाजनात प्रतिलेखन थांबतं.

परत महाळुंग्याला या. ग्लासातलं पाणी अजून हलतंय. लहान व्हा, मुळाच्या टोपीमागं जिथं पेशी विटांसारख्या रचलेल्या आहेत तिथं शिरा. एका पेशीच्या केंद्रकात उभे राहा.

कांद्याचा मजकूर अफाट आहे. गुणसूत्रं फक्त १६, पण त्यांच्या एका संचात अक्षरं सुमारे १६ अब्ज, माणसाच्या पाचपट. या एका केंद्रकातला डीएनए सरळ ताणला तर जवळपास ११ मीटर भरेल. दोन खोल्यांच्या घराच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन परत येईल. तुमच्या कंपनीत मास्टर ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर येत नाही, शिक्का मारलेली कॉपी येते. इथंही तसंच. डीएनए केंद्रकातच राहतो. पॉलिमरेज हे विकर त्यावरून सरकतं आणि आरएनएची प्रत काढतं. या प्रत काढण्यालाच प्रतिलेखन म्हणायचं. कुठली कॉपी कधी निघायची, हे ठरवण्यातच पेशीचं सगळं शहाणपण आहे.

जी-१. समोर ई-२-एफ नावाची प्रथिनं डीएनएवर बसलेली दिसतात. त्यांच्या अंगावर आरबी हे प्रथिन मुठीसारखं आवळलेलं. मूठ आवळलेली आहे तोवर डीएनएची दुसरी प्रत काढायला लागणारी जनुकं वाचली जात नाहीत. मग साखर पोचते, संप्रेरकांचा निरोप येतो, सायक्लिन-डी तयार होतं. ते आपल्या जोडीदार विकराला कामाला लावतं आणि ते विकर आरबीवर फॉस्फेट चिकटवू लागतं. एक, दोन, कितीतरी. मूठ सुटते. ई-२-एफ मोकळं होतं आणि जनुकांची एक अख्खी रांग एकदम बोलू लागते. आता मागं फिरणं नाही. आर्थर पार्डी यांनी १९७४ साली प्राण्यांच्या पेशींत या उंबरठ्याला नाव दिलं होतं. कांद्याच्या मुळात काय, माणसात काय, कुलूप एकाच घराण्याचं आहे.

माणसात हे कुलूप सापडलं ते १९८६ मध्ये, लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचा शोध घेताना. आरबी म्हणजे त्या रोगाच्याच नावाची आद्याक्षरं. दोन्ही प्रती बिघडल्या की मूठच उरत नाही, ई-२-एफ मोकाट सुटतं आणि पेशी कुणी न सांगता विभागत राहते. कमलबाईंनी आयुष्यभर उंदरांच्या वंशावळी सांभाळत स्तनाच्या कर्करोगाचा माग काढला. तो आनुवंशिकतेशी जोडलेला आहे हे लवकर ओळखणाऱ्यांत त्या होत्या. २००१ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी पेशीचक्राची ही यंत्रणा उलगडणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स यांना नोबेल मिळालं. आणि २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसिक्लिब हे औषध मान्य झालं. ते औषध काय करतं? सायक्लिन-डीच्या जोडीदाराला अडवतं, आरबीची मूठ आवळलेली ठेवतं. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून निघालेली वाट औषधाच्या गोळीपर्यंत अशी पोचते, फक्त ती चालायला दोन-तीन पिढ्या लागतात.

एस. आता डीएनएची प्रत निघतेय. नवा धागा निघाला की गुंडाळायला हिस्टोनची रिळं हवीत, म्हणून हिस्टोनची जनुकं याच काही तासांत धडाधड वाचली जातात. काम संपलं की त्यांचं वाचन उतरतं. नको तेव्हा माल काढायचा नाही, साठवायचा नाही. चाकणच्या प्रत्येक व्हेंडरला हा हिशेब पाठ आहे. यीस्टच्या सुमारे ६ हजार जनुकांपैकी ८०० च्या आसपास जनुकं चक्राच्या तालावर अशी चढतात-उतरतात, हे १९९८ मध्ये मोजलं गेलं.

जी-२ लवकर आटपतो. इथं वाचनाचा ताबा मिब घराण्यातल्या प्रथिनांकडं जातो. विभाजनाला लागणाऱ्या जनुकांच्या दारावर अक्षरांची एकच छोटी खूण असते आणि ही प्रथिनं ती बरोबर ओळखतात. जपानी संशोधकांनी हे तंबाखूच्या पेशींत दाखवलं. खूण सापडली की सायक्लिन-बी बनतं, साठतं, साठतच जातं.

आणि मग शांतता.

ती अचानक पडते. सायक्लिन-बीच्या जोरावर जागं झालेलं विकर थेट प्रतिलेखनाच्या यंत्रालाच फॉस्फेट चिकटवतं, यंत्र बंद. पॉलिमरेज डीएनएवरून उतरतं. तुमच्या भोवतीचा सगळा धागा, आता दुप्पट झालेला, २२ मीटर, आवळत जाऊन १६ जाड काठ्या होतो, प्रत्येक काठी दुपेडी. केंद्रकाचं आवरण विरघळतं. भिंती नाहीत, कॉपी नाही, काही नाही. मेन स्विच पाडल्यावर शेडमध्ये जशी कानात गुणगुण राहते तसं वाटतं. काठ्या मधोमध रांगेत येतात. लेकीच्या पुस्तकात ही मध्यावस्था.

प्रश्न इथंच विचारायचा. हिला आठवेल कसं?

काठीच्या जवळ जा, हात लावता येईल इतकं. आवळलेल्या गठ्ठ्यात मधेमधे काही जागा सैल राहिल्यात. विभाजनाच्या आधी जी जनुकं वाचली जात होती त्यांची तोंडं पूर्ण मिटलेली नाहीत; माणसाच्या पेशींत हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. रिळांवर रासायनिक खुणा आहेत. ‘हे वाच’, ‘हे नको’, अशा अर्थाच्या. त्या पुसल्या गेल्या नाहीत. शिफ्ट संपताना तुम्ही काय करता? मशीन बंद करता, पण सेटिंग मोडत नाही. टूल ऑफसेट तसाच, लॉगबुकात नोंद, बेडवर टॅग. पुढचा माणूस आला की शून्यापासून सुरू करत नाही.

कांदा पिकवणारा शेतकरी या आठवणीचं एक रूप दरवर्षी बघतो. रोपाला लांबलेल्या थंडीचा फटका बसला की पुढं डेंगळे येतात. थंडी सोसली ती कोवळ्या वयात, दांडा फुटतो कितीतरी आठवड्यांनी. मधे पेशी पुन्हा पुन्हा विभागलेल्या असतात. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात शास्त्रज्ञांनी हिवाळ्याची आठवण कुठं बसते ते शोधून काढलंय: एका जनुकाभोवतीच्या हिस्टोनवर. ती खूण विभाजनामागून विभाजनं ओलांडून पुढं जाते.

आता एक गोष्ट तुम्ही लेकीला नक्की सांगा. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याआधी आपण तिला स्थिर करतो, म्हणजे खरं तर मारतो. ती अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लात मारणार आहे. पुष्कळ प्रयोगशाळा फॉर्मल्डिहाइड वापरतात, आणि तशा पेशींत वर्षानुवर्षं दिसायचं की जनुकांना चालना देणारी प्रथिनं विभाजनात गुणसूत्रांवरून पूर्ण निघून जातात. काठ्या कोऱ्या. मग २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या जिवंत पेशींत तीच प्रथिनं चमकती करून पाहिली. ती काठ्यांवरच होती! बसत होती, उठत होती, परत बसत होती. त्यांना तिथून हटवत होतं ते फॉर्मल्डिहाइड. पेशी मुकी नव्हती. आपणच तिचं तोंड दाबून ती बोलत नाही अशी नोंद करत होतो.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या गटानं मानवी यकृताच्या पेशींत विभाजनाच्या ऐन मध्यात नवा आरएनए मोजला. तो अगदी कमी होता, पण होता, हजारो जनुकांचा. १९६२ च्या फिल्मला एवढा हलका आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी आणखी एक पाहिलं. विभाजन संपताना जनुकं एकदम जागी होत नाहीत, लाटांनी होतात. आधी उठतात ती पेशीचं घर पुन्हा उभं करणारी, वाढीची जनुकं. यकृताची म्हणून जी खास जनुकं, ती मागून. म्हणजे पेशी आधी पेशी होते, मग तिला आपलं नाव आठवतं.

तुमच्या भोवतीच्या काठ्या आता दोन टोकांना ओढल्या गेल्यात. सायक्लिन-बी तोडलं जातंय, फॉस्फेट उतरतायत. आवरण परत चढतं. मधे नवी भिंत उभी राहते आणि तुम्ही दोहोंतल्या एका बाजूला असता. काठी सैल होते. कुठंतरी पहिलं पॉलिमरेज डीएनएवर बसतं. फर्स्ट पीस निघाला.

बाहेर या. उजाडलंय. फर्स्ट शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजतो. मुळं रात्रीतून थोडी वाढली आहेत, डोळ्यांना कळेल इतकी.

लेक ब्लेड घेऊन येते. टोकं कापून छोट्या बाटलीत टाकते, तीन भाग अल्कोहोल, एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल. कॉलेजात ती टोकं काचेवर घेऊन सौम्य आम्लाच्या थेंबात जराशी गरम करतील, अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये लाल रंगवतील, वर काचपट्टी ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं दाबतील. तुम्ही तिला रात्रीचं सगळं सांगता. ती ऐकून घेते आणि जर्नल उघडून दाखवते. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. चार चौकटी आखलेल्या, चार चित्रं काढायची.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना एक विनंती आहे. मुलांना त्या जर्नलात पाचवी चौकट आखायला लावा आणि तीत पहिलं चित्र त्या गोल, धुरकट केंद्रकाचं काढायला सांगा. स्लाइडवर बहुतेक पेशी त्याच असतात, आणि पेशीचं वाचन तिथं चालू असतं.